पायाळू कोण

नंदनवन, नागपूर
गुरुवार, १७ एप्रिल २०२५

चि. देवकीस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद, घेशील तर.

आम्ही इकडे ठीक आहोत. ऊन मी म्हणतंय. टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. सुभद्रानं कूलरच्या जाळ्यांना नवा वाळा बसवला, तेवढ्यापुरता घरात सुवास आला, आता पुन्हा तोच गरम वारा. तुमच्या बागेची काय गत असेल ते मी मुद्दाम विचारत नाही, तुझ्या सोनिकाकडून कळतं. विहीर बुडाला गेली, टँकर एक दिवसाआड येतो, आंबिया बहाराची फळं गोटीएवढी होऊन गळतायत. सोमवारी बोअरची गाडी येणार आहे आणि यावेळीही पाणी लागलं नाही तर कृष्णकांतराव संत्र्याची सगळी झाडं तोडून टाकणार आहेत, हेही तिनंच सांगितलं. ती बोलत होती तेव्हा मी एका मोटरचं वाइंडिंग करत बसलो होतो. तार कुठवर गुंडाळली होती ते विसरलो आणि सगळी उकलून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता, तू उचलला नाहीस. मग पुन्हा करायला घेतला आणि आता तू उचललास तर काय बोलू, या भीतीनं मीच बंद केला. फोनवर माणसाला सरळ बोलावं लागतं. मला सगळं उलटसुलट बोलायचं आहे, म्हणून कागद घेतला. सोनिका शनिवारी घरी येतेय, तिच्या हाती देतो. तुझी लेक पाकीट फोडून वाचेल हे मला माहीत आहे. वाचू दे. बाळे, वाचलंस तर निदान आईला सांगू नकोस की अक्षर वाईट आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून आपलं बोलणं नाही. तुझ्या बागेत बोअरसाठी मी दाखवलेल्या दोन्ही जागा कोरड्या गेल्या. वर तू ताट वाढत होतीस तोवर न जेवता मी निघून गेलो. त्यावर पुढे लिहीन. आत्ता जमत नाही.

धंदा बरा आहे. शहरात जो तो बोअर मारत सुटलाय. मोटरींचं काम हातांचं, ते रोज असतं. बोअरचा पॉइंट दाखवायचं काम पायांचं, तेही अधूनमधून येतं. मागच्या आठवड्यात एका फ्लॅट स्कीमवर बोलावलं होतं. तिथं मयुरा नावाची इंजिनिअर पोरगी होती, हेल्मेट घातलेली. तिनं विचारलं, "काका, पायाळू म्हणजे काय असते?" मी सांगितलं, आईच्या पोटातून ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याला जमिनीखालचं पाणी तळपायातून कळतं. ती म्हणाली, "आणि जो डोक्याकडून येते, त्याले डोक्यातून काय समजते?" सगळे मजूर हसले. मीही हसलो. पण देवकी, चार दिवसांनी कळलं की तो प्रश्न नेमका माझ्यासाठीच होता. कसा, ते सांगतोच.

त्याआधी एक गंमत. पाणी असलं की माझ्या तळपायातून पिंडरीपर्यंत मुंग्या येतात, हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून ऐकत आलीस. तर हल्ली त्या दिवसभर येतात. जेवताना येतात, दाढी करताना येतात. सुभद्राच्या बहिणीकडे गेलो होतो, चौथा मजला, तिथं सोफ्यावर बसल्या बसल्या आल्या. माझ्या मुंग्यांवर विश्वास ठेवला तर आख्ख्या नंदनवनाखाली समुद्र आहे. असो.

आता मूळ गोष्ट.

रविवारी मी सिंधूआत्याला भेटायला कामठीला गेलो. ती पडूनच असते आता. शेजारी लूमची खडखड चालू असते, तिला ती ऐकू येत नाही, पण आपण कुजबुजलेलं मात्र ऐकू येतं. मी पाया पडलो, खाटेवर पाय वर घेऊन बसलो, तर तिनं अंधारात चाचपावं तसा माझा पाय चाचपला आणि म्हणाली, "पाय काहून असे थंडे हायेत रे तुहे?"

मी थट्टेत म्हटलं, "आत्या, पायाळूचे पाय आहेत, थंडच असणार."

ती बोळक्यानं इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "तू कायचा पायाळू रे पोट्टा! तू तं सरळ डोक्यानं आला. पायाळू तं देवकी हाय. मह्या हातावर पहिले तिचे पाय आले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि वरून माझ्यावरच चिडली. तुझ्या वेळी आई बाळंतपणाला कामठीला आत्याकडे आली होती, हे तर आपल्याला माहीतच आहे. तिथल्या शेजारणींकडून गावात बातमी गेली की यांच्या घरात पायाळू मूल आहे. पायाळूवर वीज पडते असं लोक म्हणतात. आत्या म्हणाली, "पोरीले कोन करून घेईन मंग? पाऊस आला का सासरचे तिले घराबाहेर उभी करतीन. तुह्या मायनं गावात सांगून देल्लं, हो, हाय पायाळू, पन थोरला हाय. पोट्ट्याले काय होते? त्याच्या लग्नाले कोन पाहून राहिलं?"

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. मी निघालो तेव्हा तिनं मला आपल्या बाबांच्या नावानं हाक मारली आणि बैलांना चारा घातला का विचारलं. तिची सून दारापर्यंत आली, म्हणाली, "आईचं काही मनावर घेऊ नका जी. सकाळी मलेच म्हने, तू कोन?"

आता मी काय समजायचं? बाईचं डोकं ठिकाणावर नाही म्हणावं, तर बैलांचा रंगसुद्धा तिनं बरोबर सांगितला. ठिकाणावर आहे म्हणावं, तर बाबांना जाऊन किती वर्षं झाली. ऑटोत बसलो आणि पूर्ण रस्ताभर एकच विचार. ऑटोवाल्यानं नंदनवन म्हणून हाक दिली तरी मी बसूनच होतो.

मग मला एक गोष्ट आठवली. तुलाही आठवत असेल. वीज कडाडली की आई कुठं का असेना, धावत येऊन तुला दंडाला धरून आत ओढायची. कोठीच्या खोलीत, जुन्या गोधडीखाली, पाय पोटाशी घेऊन बसवायची. तू रडायचीस. आणि मी? मी अंगणात. चिंचेच्या झाडाखाली गारा वेचत. सगळं गाव म्हणतं की मुलगा पायाळू आहे, याच्यावर वीज पडेल, आणि आई मला एकदाही आत बोलावत नाही! मला वाटायचं, तू तिची जास्त लाडकी. मोठा झालो तरी तसंच वाटायचं. तिला माझी काळजी का नव्हती, ते रविवारी कळलं. काळजी करण्यासारखं माझ्यात काही नव्हतंच.

की हे मीच जुळवून आणतोय? लहान पोरींना सगळ्याच आया आत ओढतात.

शुक्रवार, दुपार

काल इथवर लिहून ठेवलं. आज सकाळपासून दोनदा फाडायला घेतलं. सुभद्रा विचारते, कोणाला एवढं लांबलचक लिहिताय जी? मी म्हटलं, मोटर कंपनीला तक्रार. तिनं बघितलं आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेली. तिला कळतं.

मी डोक्यात सारखं हे जुळवतोय आणि ते जुळत नाही. समजा पायाळूचं खरं आहे. मग मी खोटा, आणि ज्या पायांना खरं कळत होतं ते पाय तू चुलीपुढं आणि बागेतल्या वाफ्यांत झिजवलेस. समजा ते सगळं थोतांड आहे. मग तू सुटलीस, पण मी आयुष्यभर लोकांना काय दाखवलं? आणि इतक्या ठिकाणी पाणी लागलं ते कसं? लोक म्हणतील, नागपूरच्या आजूबाजूला खणलं तर दहातल्या पाचसहा जागी लागतंच. मग मी नसतो तरी लागलं असतं. पण देवकी, मला कळायचं. शपथेवर सांगतो. तरुण होतो तेव्हा शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालताना एका ठिकाणी पाय जड व्हायचा, पिंडरी गार पडायची. ते मी बनवून सांगत नव्हतो. मग ते काय होतं? गावानं मला पायाळू म्हटलं म्हणून माझ्या पायांनी ते ऐकलं असं होतं का कधी?

आता ते, जे काल टाळलं.

गेल्या उन्हाळ्यातला तो दिवस. पहिली जागा कोरडी गेली, गाडीवाला म्हणाला दुसरा पॉइंट बोला, गाडी उभी आहे. मी पुन्हा चप्पल काढून बागेत फिरलो. पायांना मुंग्या होत्याच, मी विहिरीजवळच्या झाडापाशी थांबलो. तिथंही खालपर्यंत पांढरी भुकटीच उडत राहिली. सगळ्यांची तोंडं पीठ लावल्यासारखी झाली. कृष्णकांतराव म्हणाले, "दादा, तुमच्या पायापेक्षा आमच्या गोऱ्ह्याचा पाय बरा." तू पदरानं तोंड पुसत उभी होतीस. मी रागावून गेलो असं तुम्ही समजलात. सुभद्रालाही मी तेच सांगितलं.

राग नव्हता आला. माणसाची बाग वाळत असेल तर तो एवढं बोलणारच.

झालं असं की मी जेवायला ओसरीवर आलो. तू ताट आणायला आत गेली होतीस. मी मागं वळून पाहिलं तर फरशीवर पायाचे ठसे, लाल. दारापासून पाटापर्यंत. आधी वाटलं कोणाचे आहेत. मग बघितलं, माझ्या उजव्या पायाचा अंगठा फाटला होता, दगडानं की कशानं देव जाणे. आत खडा रुतलेला होता. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. दुखत नव्हतं. मी खडा उपटून काढला तरी दुखलं नाही. आणि हाच पाय घेऊन मी तासभर तुझ्या बागेत पाणी शोधत होतो. मला तुझ्याकडे बघवलं नसतं, म्हणून तू यायच्या आत उठलो.

माझे पाय गेलेत, देवकी. घोट्याखाली बधिर आहेत. मुंग्या येतात त्या पाण्याच्या नाहीत, साखरेच्या आहेत. गोळ्या आहेत, कधी घेतो, कधी विसरतो. पाय दाखवायला डॉक्टरकडे गेलेलो नाही. सुभद्राला फक्त इतकं माहीत आहे की मी हल्ली पाय धुतो तेव्हा पाणी किती कढत आहे ते हातानं बघतो. डॉक्टर तळव्याला टाचणी टोचून बघतात म्हणे, कळतं का ते. मला कळणार नाही हे मला माहीत आहे. पण तो माणूस ते कागदावर लिहील, मग ते खरं होईल.

आणि आता यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. तुझ्याकडून आल्यावरही मी पॉइंट दाखवतच राहिलो. लोक घ्यायला येतात, नाही कसं म्हणायचं? आणि पाणी लागतं! हिवाळ्यात कामठी रोडच्या एका ढाब्यावर जागा दाखवली, दोन इंच पाणी उसळलं. मालकानं पेढ्यांचा पुडा हातात दिला. मी साखरेचा माणूस, बधिर पाय, हातात पेढे, आणि लोक माझ्या पाया पडतायत. हसू की रडू ते कळेना. जिवंत पायांनी, तेही पायाळू नसलेल्याच्या, पाणी दाखवलं. मेलेल्या पायांनीही दाखवलं. फक्त माझ्या बहिणीच्या बागेत नाही दाखवलं. याचा काय अर्थ लावायचा ते मला कोणी सांगितलं तर मी त्याच्या पाया पडेन.

म्हणून हे पत्र. सोनिका म्हणाली, पाणी शोधायच्या मशीनवाल्यानं सर्वे केला आणि पश्चिमेच्या धुऱ्यालगतचा लांब पट्टा सांगितला, इथून तिथं कुठंही मारा म्हणाला. पट्टा म्हणजे जागा नव्हे. गाडी एकाच ठिकाणी उभी राहते. ती जागा कोणाला तरी ठरवावी लागेल. सोमवारी गाडी लागायच्या आधी तू चप्पल काढ आणि त्या पट्ट्यातून चाल. हळू चाल. काही वाटलं तर थांब.

हे लिहिलं आणि लगेच वाटतंय, नको. कोरडं गेलं तर बाग देवकीच्या पायानं गेली असं म्हणतील. आईनं ज्याच्यापासून तुला इतकी वर्षं लपवलं, तेच मी तुझ्या गळ्यात बांधतोय, तेही एका म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर, जिला आपली सून ओळखू येत नाही. नकोच चालू. पण मग त्या पट्ट्यात गाडी कुठं उभी राहणार? कृष्णकांतराव डोळे मिटून दगड भिरकावतील, आणि दगडापेक्षा तुझे पाय बरे. चाल. किंवा नको. मला कळत नाही, खरंच कळत नाही. तुझी झाडं तू लावलीस, मला फक्त एवढं समजतं की ती राहिली पाहिजेत.

माझं तोंड बघायचं नसेल तर मी सोमवारी येत नाही. पाणी लागलं तर मोटर कोणाकडूनही उतरवून घ्या, फक्त केबलचा जोड पाण्यात जाणारा आहे, तो नीट बघून घे.

सुभद्राचा नमस्कार. कृष्णकांतरावांना माझा सांग, सांगावासा वाटला तर.

तुझा भाऊ, कोणत्या का बाजूनं जन्मलेला असेना,
रामाजी


गुरुवार, २४ एप्रिल २०२५

दादास,

नमस्कार. आशीर्वाद घेतले.

पत्र सोनिकानं बसमध्येच वाचलं होतं. उतरली ती डोळे पुसतच. मला वाटलं नोकरी गेली की काय.

तू इतकं लिहिलंस त्यापुढं माझं काय चालणार, पण जे झालं ते जसंच्या तसं सांगते. वीज कडाडल्यावर आई मला कोठीत कोंबायची ते मला आठवतं. उंदरांचा वास यायचा तिथं. मला वाटायचं, मुलगी म्हणून कोंबते, आणि दादा बाहेर गारा खातो. मीही तुझ्यावरच जळायचे. दोघांनाही उलटंच वाटत होतं, आता कोणाला विचारायला जायचं?

सोमवारी सकाळी मी यांना एवढंच म्हटलं, "दादानं मले पट्ट्यातून चालाले सांगतलं हाय." हे चुना आणायला उठले. रात्रभर झोपले नव्हते. दुसरा कोणी असता तर हसला असता, पण बाग जायची वेळ आली की माणूस कशालाही हो म्हणतो. गाडीची पोरं तिकडं दक्षिणेकडची, त्यांनी भात लावला होता, तीही हातात झारा घेऊन बघत उभी राहिली. सासरे काठी टेकत आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नात चालले त्यानंतर इतक्या लोकांपुढं मी एकटी चालले नव्हते.

दादा, मला काही झालं नाही. खरं सांगते. जड नाही, गार नाही, मुंगी नाही. माती तापायला लागली होती आणि वाळका पाला टोचत होता, बस. अर्ध्याच्या पुढं गेले आणि बाभळीचा काटा टाचेत गेला, लांबलचक. मी ओरडले आणि तिथंच खाली बसले. मी काटा उपटायला पाय मांडीवर घेते तोवर सासरे ओरडले, "थांबली! थांबली!" आणि हे पळत आले, चुना टाकला, आणि माझ्या बाजूलाच नारळ फोडला. मी म्हणते, "अवो, काटा गडला मले!" तर हे म्हणतात, "असू दे, असू दे, हालू नको." नारळाचं पाणी माझ्या पातळावर उडालं. तुझ्या पायांना गोऱ्ह्याच्या पायांपेक्षा कमी म्हणणारा हा माणूस, माझ्या टाचेतलं रक्त बघून हात जोडतो! मला हसावं की त्यांच्या डोक्यात नारळाची कवटी घालावी ते समजेना.

गाडी तिथंच लागली. मी आत गेले, बघवत नव्हतं. पांढरी भुकटी खिडकीतून स्वयंपाकघरात येत होती, मी ताटं पुसायची आणि पुन्हा पांढरी व्हायची. मनात एकच होतं, हे लोक झाडं तोडतील तेव्हा मी माहेरी जाईन, मग आठवलं, माहेरी तर दादाशी बोलणं नाही. मग एकदम आवाज बदलला. घरघर जाऊन फसफस आली. सोनिका धावत आली, डोक्यापासून चिखलात, बोलता येत नव्हतं तिला. दीड इंच लागलंय. फार नाही, पण झाडांना पुरेल. हे गाडीच्या चाकाला टेकून लहान पोरासारखे रडले. मी पहिल्यांदा पाहिलं.

आता तुझ्यासारखीच माझीही पंचाईत झाली आहे. मशीनवाला म्हणतो, माझ्याच पट्ट्यात लागलं. सासरे म्हणतात, सून पायाळू. काल पलीकडच्या शिवारातून लोक मला न्यायला आले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, पाय थांबला नाही, काटा लागला. तर त्यातली एक बाई मला विचारते, "मंग काटा तिथंच काहून गडला वं?" आता याचं उत्तर काय? तुला येतं का? मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. पुन्हा येतील. काय सांगू ते तूच सांग, मी तर पायाळू आहे की नाही याचा विचारच सोडून दिला. असेन तर असेन.

पण तुझं पत्र मी परत वाचलं, पाणी लागल्यावर, शांतपणे. पाण्याचं सगळं वाहून गेलं आणि एकच ओळ राहिली. त्या दिवशी ओसरीवरचे डाग मीच पुसले रे दादा. मला वाटलं लाल मुरमाचा चिखल आहे. वर मी मनात चिडले होते, की जेवला नाही तो नाही, फरशी घाण करून गेला. वर्षभर मी समजत होते की माझ्या घरचा घास तुला नको झाला. आणि तू वर्षभर तिकडं हातानं पाण्याचा चटका बघत बसलास, एकटा. वहिनीला सांगू नये, बहिणीला सांगू नये, असं काय ते पायांचं मोठेपण? मी पत्र हातात घेऊन धुऱ्यावर बसून खूप रडले. मग तुला शिव्या दिल्या.

सोनिकानं तिच्या हॉस्पिटलात शनिवारचा नंबर लावला आहे. ती तुला घ्यायला नंदनवनला येईल, वहिनींनाही बरोबर ने. डॉक्टरला टाचणी टोचू दे. कळली नाही तर नाही कळली, तसं लिहू दे त्याला. तू लिहू दिलं नाहीस म्हणून पाय काही बरे होत नाहीत. पण अजून काही वाचवण्यासारखं असेल तर ते त्यालाच कळेल, मला किंवा तुला नाही.

बोअरवर झाकण लावून ठेवलं आहे. हे सावनेरहून माणूस आणायला निघाले होते, मी अडवलं. मोटर तुझ्याच हातानं उतरेल. तू डॉक्टरकडे जाऊन आलास की ये, तोवर मी झाडं टँकरवर जगवते, इतके दिवस काढले तसे आणखी थोडे. यांना काही बोलायचं आहे तुझ्याशी. मला म्हणाले, "मी कसं म्हनू?" मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

जेवायलाच ये. आणि दादा, आता आमच्या बागेत अनवाणी फिरायचं नाही. बूट घालून ये.

देवकी